लॅपटॉप झोपतो तेव्हा एसएसडी खरोखर झोपते का?

रात्री झाकण मिटताना बॅटरी ८१ टक्के होती आणि सकाळी उघडले तेव्हा ५८ टक्के. मधल्या आठ तासांत लॅपटॉपला कोणी हातही लावला नव्हता. उलटा करून पाहिला, तर महिन्यापूर्वी २५६ जीबीची जुनी एसएसडी (विंडोज आणि आपल्या फायली साठवणारी चिपची ड्राइव्ह) काढून जिथे १ टीबीची नवी बसवून घेतली होती, नेमका तोच तळाचा डावा कोपरा कोमट लागत होता. झोपलेल्या यंत्राला ऊब असण्याचे काही कारण नाही. त्या सकाळपासून जे तपासत आणि शिकत गेलो, ते इथे क्रमाने मांडत आहे. रोज संगणक वापरणाऱ्या, पण त्याच्या आत कधी न डोकावलेल्या वाचकाला हे सर्व स्वतः करता येईल, अशा बेताने लिहिले आहे.

एक विनंती आधीच करतो. कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी मोजमाप करावे, आणि एका वेळी एकच बदल करावा. एका रात्रीत पाच बदल केले आणि बॅटरी टिकली, तर ती कशामुळे टिकली हे कधीच कळत नाही, आणि त्या पाचांपैकी एखादा बदल पुढे त्रास देऊ लागला तर तोही सापडत नाही.

झोप नेमकी कोणती

संगणकाच्या झोपेचे नियम ठरवणारे एसीपीआय हे मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ च्या अखेरीस आणले. त्यातील एस-३ नावाच्या झोपेत फक्त रॅमला (चालू काम तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्मृतीला) वीज मिळत राहते आणि एसएसडीसह बहुतेक सर्व भागांची वीज तोडली जाते. वीजच तोडली म्हटल्यावर एसएसडी किती वीज खाते, हा प्रश्न उरत नाही. त्यापुढची एस-४ म्हणजे हायबरनेट. तीत रॅममधला सारा मजकूर एसएसडीवर लिहून ठेवला जातो आणि मग यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होते.

मोबाइल फोनसारखा लॅपटॉपही क्षणात जागा व्हावा, या अपेक्षेतून तिसरी रीत आली. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये ती कनेक्टेड स्टँडबाय या नावाने दिसली आणि विंडोज १० पासून तिला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. एस-३ म्हणजे मेन स्विच पाडून गावाला जाणे, तर ही नवी झोप म्हणजे घरातच दिवे मालवून पडणे. मेन स्विच चालूच असतो, त्यामुळे प्रत्येक खोलीतला दिवा ज्याने त्याने मालवावा लागतो. अनेक लॅपटॉपांत एसएसडीची वीज या झोपेत तुटत नाही. तिला कमी विजेच्या अवस्थेत जायला सांगितले जाते आणि ती गेली असे धरून चालले जाते.

आजच्या बहुतेक लॅपटॉपांत एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असते. तिच्या विजेच्या अवस्थांना शून्यापासून क्रमांक दिलेले असतात. मानकाप्रमाणे त्या ३२ पर्यंत असू शकतात, पण प्रत्यक्षात बहुधा पाचच आढळतात. शून्य, एक आणि दोन या कामाच्या अवस्था असतात. तीन आणि चार या विश्रांतीच्या असतात, म्हणजे त्यांत असताना ड्राइव्ह काही वाचू-लिहू शकत नाही. कामात असताना काही वॉट खाणारी हीच ड्राइव्ह चार क्रमांकाच्या अवस्थेत ५ मिलिवॉटच्या आसपास येते. मिलिवॉट म्हणजे वॉटचा हजारावा भाग.

आता साधा हिशेब करू. बॅटरी ५० वॉट-तासांची धरली, तर ५ मिलिवॉट खाणारी एसएसडी दहा तासांत ०.०५ वॉट-तास, म्हणजे बॅटरीचा ०.१ टक्का घेईल. तीच एसएसडी जागी राहून १ वॉट खात राहिली, तर दहा तासांत १० वॉट-तास, म्हणजे २० टक्के बॅटरी गेली. पण खरा तोटा याहून मोठा असतो आणि तो सहसा ध्यानात येत नाही. एसएसडी आणि प्रोसेसर यांच्यामधला पीसीआय एक्स्प्रेसचा दुवा जागा असेल, तर प्रोसेसरलाही आपल्या सर्वांत गाढ झोपेत जाता येत नाही. एक मूल जागे असले की आईलाही डोळा लागत नाही, तसे हे आहे. म्हणून एसएसडीचे स्वतःचे खाणे किती, यापेक्षा तिच्यामुळे आणखी कोण कोण जागे राहिले, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

पहिली पायरी: आपल्या यंत्राची झोप ओळखणे

विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून टर्मिनल ॲडमिन उघडावे. पुढे ज्या कमांड येतील त्या टंकताना अक्षरे रोमनच ठेवायची आहेत, इथे मी त्यांचा उच्चार देत आहे. ‘पॉवर’ हा शब्द आणि त्याला जोडूनच सी, एफ, जी ही तीन अक्षरे लिहावीत, मग एक जागा सोडून तिरपी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि ए लिहून एंटर दाबावे. यंत्राला झोपेचे कोणते प्रकार येतात आणि कोणते येत नाहीत, याची यादी समोर येते. वरच्या यादीत स्टँडबाय एस-३ दिसले, तर आपली एसएसडी झोपेत बंदच होते आणि बॅटरी उतरण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल. एस-० लो पॉवर आयडल (म्हणजेच मॉडर्न स्टँडबाय) असे दिसले, तर हा पुढचा सारा मजकूर आपल्यासाठी आहे.

दुसरी पायरी: एक रात्र मोजणे

रात्री सर्व प्रोग्रॅम बंद करावेत, चार्जर आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवावेत, बॅटरीचा आकडा आणि वेळ कागदावर लिहावी आणि झाकण मिटावे. सकाळी पुन्हा दोन्ही लिहावे. आठ तासांत चार-पाच टक्के उतरत असतील, तर चिंतेचे कारण नाही असे मी मानतो. पंधरा-वीस टक्के उतरत असतील, तर पुढे जावे.

त्याच सकाळी पुन्हा टर्मिनल ॲडमिन उघडून आधीसारखेच पॉवर-सी-एफ-जी लिहावे, मात्र तिरप्या रेघेपुढे ‘स्लीपस्टडी’ हा शब्द सलग लिहावा. गेल्या तीन दिवसांतील झोपेचा अहवाल वेब पानाच्या रूपात तयार होतो. तो कुठे ठेवला गेला हे कमांडच्या खालीच छापून येते. नवखे लोक इथे हमखास अडखळतात, कारण ॲडमिन टर्मिनल बहुधा विंडोजच्या सिस्टिम ३२ या फोल्डरमध्ये उघडते आणि अहवालही तिथेच जाऊन बसतो. तेथून तो डेस्कटॉपवर नकलून घ्यावा आणि ब्राउझरमध्ये उघडावा.

अहवालात प्रत्येक झोपेची एक ओळ असते. ती कधी सुरू झाली, किती वेळ चालली आणि किती बॅटरी गेली, हे तीत दिलेले असते, आणि जास्त खाणारी झोप रंगावरूनही ओळखू येते. आपल्या रात्रीच्या ओळीवर क्लिक करून तपशिलात जावे आणि ड्रिप्स हा शब्द शोधावा. यंत्र आपल्या सर्वांत गाढ अवस्थेत किती टक्के वेळ होते, ते या शब्दापुढे कळते. तिथे दोन आकडे असतात. सॉफ्टवेअरचा आकडा प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) शांत झाले की नाही ते सांगतो, हार्डवेअरचा आकडा प्रत्यक्ष चिप झोपली की नाही ते सांगतो. दोन्ही नव्वदीच्या वर असतील, तर झोप चांगली आहे. दोन्ही कमी असतील, तर एखादा प्रोग्रॅम, वाय-फाय किंवा अपडेट जागे ठेवत आहे आणि एसएसडीवर लगेच संशय घेऊ नये. सॉफ्टवेअरचा आकडा उत्तम आणि हार्डवेअरचा अगदी खाली असेल, तर मात्र एखादा भाग जागा आहे आणि एसएसडी ही संशयितांपैकी एक आहे. माझ्या अहवालात पहिला आकडा ९६ होता आणि दुसरा शून्य. ते शून्य पाहिल्यावर कोमट कोपऱ्याचा अर्थ लागला.

तिसरी पायरी: एसएसडीची चौकशी

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन एसएसडीचे नाव, फर्मवेअरची (ड्राइव्हच्या आत बसवलेल्या, तिला चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) आवृत्ती आणि आरोग्य दाखवते. त्यातील आकडे सुरुवातीला सोळाच्या पायावर लिहिलेले असतात, त्यामुळे एखाद्या आकड्यात मध्येच ए किंवा एफ दिसून गोंधळ होतो. फंक्शन मेन्यूतील ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन ते दशमान करून घ्यावेत. मग अनसेफ शटडाउन्स ही नोंद शोधून तिचा आकडा कागदावर लिहून ठेवावा. एसएसडीला आधी सूचना न मिळता किती वेळा वीज गेली, ते हा आकडा सांगतो. शेवटी तो लागणार आहे.

विजेच्या अवस्था पाहण्यासाठी स्मार्टमॉनटूल्स हे साधन उपयोगी पडते. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालते. त्याच्या अहवालात सपोर्टेड पॉवर स्टेट्स असे एक कोष्टक असते. डावीकडे अवस्थेचा क्रमांक, पुढे कामाच्या अवस्थेला अधिक चिन्ह आणि विश्रांतीच्या अवस्थेला वजा चिन्ह, नंतर ती कमाल किती वॉट घेते हे, आणि शेवटच्या दोन रकान्यांत त्या अवस्थेत शिरायला आणि तिच्यातून बाहेर यायला किती मायक्रोसेकंद लागतात हे दिलेले असते. वजा चिन्हाच्या ओळींत ०.००५० वॉटसारखा आकडा दिसला, तर ड्राइव्हला गाढ झोप येते एवढे नक्की झाले. हे कोष्टक फक्त कुवत सांगते. काल रात्री ती झोपली होती का, हे त्यातून कळत नाही, त्यासाठी दुसऱ्या पायरीतील अहवालच पाहावा लागतो.

चौथी पायरी: दुरुस्ती

सर्वांत आधी फर्मवेअर. एसएसडी केव्हा आणि कोणत्या अवस्थेत जाते, हे तिच्या आतल्या फर्मवेअरवर अवलंबून असते आणि उत्पादक त्यातील दोष वेळोवेळी काढत असतात. एसएसडी बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तिचेच अधिकृत साधन घ्यावे, महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी, चार्जर लावावा आणि मगच फर्मवेअर बदलावे. बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी, नाहीतर स्वतःच्याच लॅपटॉपसमोर दाराबाहेर उभे राहायची पाळी येते. माझी अडचण इथेच सुटली. नव्या फर्मवेअरनंतर हार्डवेअरचा आकडा शून्यावरून ९१ वर गेला आणि रात्रीची उतरण २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. ज्या दुकानातून ड्राइव्ह घेतली, तिथे मला ‘विंडोज नव्याने टाका’ एवढेच सांगितले गेले होते. ते ऐकले असते तर दोन दिवस फुकट गेले असते.

त्यानंतर लॅपटॉपचे बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारा यंत्राचा मूळ प्रोग्रॅम) आणि चिपसेटचे ड्रायव्हर पाहावेत, आणि ते लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावेत. बायोसमध्ये व्हीएमडी किंवा आरएसटी नावाचा, ड्राइव्ह कशी हाताळायची हे ठरवणारा पर्याय दिसला, तर विंडोज बसवलेले असताना तो सहज म्हणून बदलू नये. बदलल्यास विंडोजला स्वतःची ड्राइव्हच सापडत नाही आणि यंत्र निळ्या पडद्यावर अडकू शकते.

मग येतात विंडोजच्या सेटिंग. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन प्रगत सेटिंग उघडावीत. तिथे पीसीआय एक्स्प्रेसखाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट असेल, तर बॅटरीसाठी मॅक्सिमम पॉवर सेव्हिंग्ज निवडावे. अनेक नव्या लॅपटॉपांत हा पर्याय दिसतच नाही. न दिसल्यास रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) शिरून तो उघड करण्याच्या मागे नवख्याने लागू नये. तिथेच हार्ड डिस्क किती मिनिटांनी बंद करावी असाही पर्याय असतो आणि बहुतेकांचे लक्ष आधी त्याच्याकडेच जाते. तो फिरत्या तबकडीच्या काळातला आहे आणि संगणक जागा पण रिकामा असतानाच्या वेळेसाठी आहे. झाकण मिटल्यानंतरच्या झोपेवर त्याचा भरवसा ठेवू नये. ती मिनिटे कमी केली म्हणून रात्रीची बॅटरी वाचलेली मी पाहिलेली नाही.

हायबरनेट, आणि लिहिण्याची भीती

हे सर्व करूनही झोप सुधारली नाही, तर झोपेचा हट्ट सोडून हायबरनेट वापरावे. त्यात एसएसडीला वीजच मिळत नाही, त्यामुळे तिच्या स्वभावाचा प्रश्न येत नाही. लॅपटॉप पिशवीत घालून प्रवासाला निघताना तर मी नेहमी हायबरनेटच करतो, कारण बंद पिशवीत मध्येच जागा झालेला लॅपटॉप तापतो आणि त्या उष्णतेला बाहेर जायला वाट नसते. कंट्रोल पॅनलमधील पॉवर बटणे काय करतील या भागात जाऊन, सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग बदला या दुव्यावर क्लिक केले, की हायबरनेटची चौकट खूण करण्यासाठी मोकळी होते. तिथेच बॅटरीवर असताना झाकण मिटल्यास हायबरनेट व्हावे, असेही ठरवता येते.

यावर एक शंका हमखास येते. दर वेळी रॅममधला मजकूर लिहून एसएसडी झिजणार नाही का? झिजते, पण हिशेब मांडून पाहावा. विंडोज हायबरनेटच्या फाइलसाठी साधारणपणे रॅमच्या ४० टक्के जागा राखते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सुमारे साडेसहा जीबी. दर वेळी ती पूर्ण भरते असे धरले आणि दिवसातून दोनदा हायबरनेट केले, तर दिवसाला १३ जीबी, म्हणजे वर्षाला पावणेपाच टीबीच्या आसपास लेखन झाले. १ टीबीच्या साध्या ड्राइव्हवर ६०० टीबी लेखनाची हमी सर्रास मिळते. या वेगाने तेवढे लिहायला शंभराहून अधिक वर्षे लागतील. जागा मात्र खरोखर अडते. १२८ जीबीच्या ड्राइव्हवर साडेसहा जीबी म्हणजे थोडी नव्हे, ज्यांची ड्राइव्ह एवढी लहान आहे त्यांनी तेवढा विचार करावा.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी

सिस फोल्डरातील पॉवर या उपफोल्डरात मेम_स्लीप नावाची छोटी फाइल असते. तिच्यातील ज्या शब्दाभोवती चौकोनी कंस असेल, ती झोप चालू आहे. डीप म्हणजे एस-३, एसटूआयडल म्हणजे नवी झोप. दोन्ही शब्द दिसत असतील, तर डीप निवडून एक रात्र मोजून पाहावी. डीप हा शब्दच नसेल, तर त्या यंत्राला ती झोप येत नाही असे समजावे आणि जबरदस्ती करू नये.

एनव्हीएमई ड्राइव्हने जागेपणी आपणहून डुलक्या घ्याव्यात, याची सोय लिनक्सच्या ४.११ या आवृत्तीत २०१७ मध्ये आली. काही ड्राइव्ह अशा डुलकीतून नीट उठत नाहीत आणि काम चालू असतानाच नाहीशा होतात. अशा वेळी एनव्हीएमई_कोअरचा डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस हा बूटचा पर्याय कामी येतो. त्यापुढे मायक्रोसेकंदांत मर्यादा लिहिली, की जागे व्हायला त्याहून जास्त वेळ घेणाऱ्या अवस्था टाळल्या जातात. वर सांगितलेल्या कोष्टकाचा शेवटचा रकाना पाहून ही मर्यादा ठरवावी. शून्य लिहिले तर डुलक्याच बंद होतात, म्हणून ते अगदी शेवटचा उपाय म्हणून ठेवावे. एसटूआयडलमध्ये शिरताना मात्र लिनक्स ५.३ पासून, दुवा आपली वीज वाचवू शकत असेल, तर ड्राइव्हला सर्वांत खालच्या अवस्थेत जायला स्वतः सांगते आणि दुव्याची ती सोय बंद असेल तर ड्राइव्ह पूर्ण थांबवते.

साटा, यूएसबी आणि डेस्कटॉप

जुन्या लॅपटॉपांतील अडीच इंची साटा (एनव्हीएमईच्या आधीच्या जोडणीच्या) एसएसडीलाही पार्शल, स्लंबर आणि डेव्हस्लीप अशा पायऱ्या असतात. असे बहुतेक लॅपटॉप एस-३ झोप घेतात, म्हणून तिथे रात्रीचा प्रश्न सहसा येत नाही. यूएसबीने जोडलेली एसएसडी झोपेआधी इजेक्ट करून काढूनच ठेवावी. तिच्या डबीतील जोडणीची चिप किती वीज घेईल, याचा नेम नसतो.

डेस्कटॉपवर वीज वाचवण्यासाठी एसएसडीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिथली काळजी वेगळी आहे. जिथे भारनियमन असते किंवा पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तिथे झोपलेल्या डेस्कटॉपच्या रॅममधील न जतन केलेले काम वीज जाताच नष्ट होते. अशा घरी इन्व्हर्टरवर संगणक नसेल, तर झोपेऐवजी हायबरनेट वापरावे.

आठवड्यानंतरची तपासणी

बदल करून झाल्यावर आठवडाभर नेहमीसारखे काम करावे आणि मग तिसऱ्या पायरीत लिहून ठेवलेला अनसेफ शटडाउन्सचा आकडा पुन्हा पाहावा. एखाद-दुसऱ्याने वाढला असेल, तर बॅटरी संपल्याचे किंवा पॉवर बटण दाबून धरल्याचे काही आठवते का पाहावे. रोज रात्रीमागे एकने वाढत असेल, तर झोपेत शिरताना ड्राइव्हला निरोप न मिळताच तिची वीज तुटत आहे. अशा वेळी बॅटरी कितीही टिकत असली, तरी शेवटचा बदल मागे घ्यावा, फायलींची प्रत त्याच दिवशी काढावी आणि उत्पादकाशी बोलताना रात्रवार आकड्यांचा तो कागद समोर ठेवावा.